हरलेल्या संघाचे गुणपत्रक

मंडळी, जिंकलेला संघ गावात आला की गुलाल उधळला जातो आणि हरलेला संघ आला की त्याचा पंचनामा होतो. कबड्डीचा संघ असो नाहीतर क्रिकेटचा, पारावरची मंडळी चहा संपायच्या आत निकाल देऊन मोकळी होतात. ‘अमक्याने घात केला’, ‘तमक्याने ऐन वेळी कच खाल्ली’ असे एकेकाच्या नावाने शिक्के बसतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! पुढे वर्षभर तो पोरगा रस्त्याने चालला तरी लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. खेळ पाच-सात जणांचा, पण हार मात्र एकाच्याच सातबाऱ्यावर चढते.

संघ हरल्यावर एकेका खेळाडूला वेगळे गुण द्यावेत का, आणि द्यायचे तर कसे द्यावेत, याविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. तुम्ही म्हणाल, शेतीच्या माणसाला हा नसता उद्योग कोणी सांगितला? तर ऐका. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. बी.एस्सी. कृषीला असताना वसतिगृहामागच्या मैदानावर चार वर्षे बास्केटबॉल खेळलो. आता आमच्या थोरल्या दादांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तिच्या शाळेच्या संघातून हाच खेळ खेळते. तेव्हा हा विषय माझ्या घरातलाच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो काढला. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, म्हणून त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला जमिनीपासून दहा फुटांवर पीच फळांच्या दोन करंड्या टांगल्या आणि पोरांना त्यांत चेंडू टाकायला लावले. पीच म्हणजे आपला सप्ताळू. एका फळबागेच्या करंडीतून निघालेला हा खेळ आज जगभर खेळला जातो. करंडीच्या जागी आता लोखंडी कडे आणि जाळी आली आहे. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू. चेंडू कड्यातून गेला की दोन गुण, ठरावीक रेषेच्या बाहेरून टाकला तर तीन. समोरच्याने आगळीक केली की मोकळेपणी चेंडू टाकायला मिळतो, त्याला फ्री थ्रो म्हणतात. त्याचा एक गुण. हुकलेला चेंडू झेलणे म्हणजे रिबाऊंड, आणि ज्या पासवर जोडीदार गुण करतो तो पास म्हणजे असिस्ट.

अमेरिकेत या खेळाचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे आहे. तिथल्या वृत्तपत्रांत अशी रीत आहे की सामना झाला, विशेषतः आपला संघ हरला, की दुसऱ्या दिवशी एकेका खेळाडूचे नाव आणि त्यापुढे शाळेतल्यासारखी श्रेणी छापायची: ए, बी, सी, डी आणि नापासाला एफ. खाली दोन-चार ओळींत कारण. आपल्या पारावर जे तोंडी चालते ते तिथे छापून येते, एवढाच फरक. हल्ली मोबाईलमुळे ही हवा आपल्या खेड्यातल्या शाळेपर्यंतही आली आहे.

दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हा स्पर्धेत पुतणीच्या शाळेचा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि एका गुणाने हरला, ३८ विरुद्ध ३९. शेवटची सहा सेकंद उरली असताना पुतणीला दोन फ्री थ्रो मिळाले होते. एक गेला असता तरी बरोबरी झाली असती, दोन्ही गेले असते तर जीत. दोन्ही कड्याला लागून बाहेर आले. त्याच रात्री शाळेच्या मोबाईलवरील गटात कोणीतरी बारा मुलींची नावे लिहून पुढे गुण टाकले. कर्णधार मुलीला दहापैकी आठ. आमच्या मुलीला शून्य.

दादा तसे अबोल. जेवताना एवढेच म्हणाले, “बास झाला आता खेळ. दहावी जवळ आलीय. शून्य मार्क घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं?” वहिनी काही बोलल्या नाहीत. पोर ताटावरून उठून ओट्यावर जाऊन बसली.

मी तिच्याजवळ गेलो. ‘खेळात हार-जीत चालायचीच’ असे म्हणून पाठीवरून हात फिरवणे सोपे होते. पण तिने मला सरळ विचारले, “काका, मी खरंच शून्याची खेळले का?” अशा प्रश्नाला गोड बोलून उत्तर दिले तर पोरांना ते तेव्हाच कळते. शून्य खरे असेल तर तसे सांगायला हवे, खोटे असेल तर दाखवून द्यायला हवे. दादांनी खेळ बंद करायचा तो निदान खऱ्या गुणांवर तरी करावा, असे माझ्या मनात आले.

आता माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट सांगतो. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा हे मी शेकडो सभांतून सांगत आलो आहे, तुम्हीही ऐकलेच असेल. बांधालगतची माती घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, उकिरड्याजवळची तर मुळीच घेऊ नका. शेतात नागमोडी फिरा, ठिकठिकाणची माती घ्या, ती नीट मिसळा आणि मगच पिशवीत भरा. एकाच खड्ड्यातली माती आणली तर प्रयोगशाळा त्या खड्ड्याचा अहवाल देईल, शेताचा देणार नाही.

सामन्याचा शेवटचा क्षण हा असा एकच खड्डा असतो. तो डोळ्यांत भरतो, कारण त्याच्यानंतर दुसरे काही घडतच नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत सोडलेला गुण आणि शेवटच्या पाच सेकंदांत सोडलेला गुण यांची किंमत फळ्यावर सारखीच असते. संघ एका गुणाने हरला तर तो एक गुण वाटेत पन्नास ठिकाणी सांडलेला असतो. आपण मात्र शेवटच्या ठिकाणी वाकून बघतो.

ही भूल आपल्या गावापुरतीच आहे असे समजू नका. आमची पुतणी सकाळी शाळेच्या आधी अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेचे सामने मोबाईलवर पाहते. तिथले तिलाच ठाऊक असलेले एक उदाहरण मी तिला दिले. ३१ मे २०१८ रोजी अंतिम मालिकेचा पहिला सामना क्लीव्हलँड आणि गोल्डन स्टेट या संघांत झाला. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने एकट्याने ५१ गुण केले. गुण १०७ ला १०७ असे बरोबरीत असताना क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा फ्री थ्रो हुकला. घड्याळात ४.७ सेकंद होती. हुकलेला चेंडू त्याच्याच संघाच्या जे. आर. स्मिथने झेलला, पण कड्याकडे जाण्याऐवजी तो चेंडू आपटत बाहेरच्या बाजूला पळाला आणि वेळ संपली. डोक्याला हात लावलेल्या लेब्रॉनचे छायाचित्र जगभर गेले.

त्या सामन्याविषयी कोणालाही विचारा, हार स्मिथच्या नावावर लिहिलेली सापडेल. पण बरोबरी झाल्यावर पाच मिनिटांचा जादा खेळ झाला, हे फार थोडे सांगतात. त्या पाच मिनिटांत गोल्डन स्टेटने १७ गुण केले, क्लीव्हलँडने ७, आणि सामना १२४ विरुद्ध ११४ असा गेला. स्मिथची घोडचूक खरीच. त्या क्षणासाठी त्याला कमी गुण द्यावेत, अवश्य द्यावेत. पण जादा वेळेतल्या दहा गुणांच्या फरकाचा हिशेब सगळ्या संघाकडे मागायला हवा. आणि लेब्रॉनचे काय? संघ हरला म्हणून त्याच्या ५१ गुणांतला एकही कमी होत नाही. सुक्याबरोबर ओलेही जाळायचे म्हटले तर गुणपत्रकाला अर्थच राहत नाही.

हरलेल्या संघातला माणूस सर्वांत उत्तम खेळलेला असू शकतो, हे एन.बी.ए.ने एकदा जाहीरपणे मान्य केले आहे. ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स आणि बॉस्टन सेल्टिक्स यांच्यात अंतिम मालिकेचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना होता. लेकर्सच्या मालकांची जिंकण्याची इतकी खात्री होती की त्यांनी सामन्याआधीच छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा प्रकार! सेल्टिक्सने तो सामना १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला आणि फुगे छतालाच राहिले. पण लेकर्सचा जेरी वेस्ट त्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावलेला असताना खेळला आणि त्याने ४२ गुण, १३ रिबाऊंड आणि १२ असिस्ट केले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. तो पहिलाच पुरस्कार हरलेल्या संघाच्या वेस्टला मिळाला. त्यानंतर आजतागायत हरलेल्या संघातल्या कोणालाही तो मिळालेला नाही.

वेस्ट नऊ वेळा अंतिम मालिकेत खेळला आणि आठ वेळा हरला. एकदाच, १९७२ साली, त्याचा संघ जिंकला आणि गंमत अशी की त्या मालिकेत त्याचे स्वतःचे नेम फार हुकले होते. सर्वोत्तम खेळाडू ठरला तो त्याचा जोडीदार विल्ट चेंबरलेन. म्हणजे उत्तम खेळून हरला आणि बेताचा खेळून जिंकला. फळ्यावरचा निकाल पाहून एकेकाचे गुण ठरवणारा माणूस दोन्ही वेळा चुकला असता.

त्याच १९६९ च्या सामन्यात आणखी एक धडा आहे. शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. थोड्या वेळाने त्याने परत आत जाण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कॉल्फ यांनी त्याला घेतले नाही. दोन गुणांनी हार झाल्यावर सारा दोष प्रशिक्षकांवर आला आणि हंगाम संपताच ते लेकर्स सोडून गेले. दोष देणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. एवढा धिप्पाड खेळाडू बाहेर बसवून ठेवणे हा जुगारच होता. पण चेंबरलेन बाहेर असतानाच लेकर्सनी अंतर एका गुणावर आणले होते, हेही खरे आहे. निर्णय चांगला की वाईट हे तो घेताना समोर काय दिसत होते त्यावरून ठरवावे. मृगाचा पाऊस पडला म्हणून पेरणी केली आणि पुढे पावसाने तोंड फिरवले, तर त्या शेतकऱ्याला मूर्ख म्हणणार का? मात्र एवढे नक्की की गुणपत्रकात प्रशिक्षकाचेही नाव असले पाहिजे. पोरांना गुण देणारा स्वतः गुणपत्रकाच्या बाहेर राहिला तर हिशेब अपुरा राहतो.

आता, जे मोजलेच जात नाही त्याला गुण कोण देणार? सेल्टिक्सच्या बिल रसेलने तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवली. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण असे अडवलेले चेंडू आणि हिसकावलेले चेंडू मोजायला एन.बी.ए.ने सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात. रसेल १९६९ सालीच निवृत्त झाला होता. ज्या कामामुळे तो थोर ठरला त्या कामाची नोंद अधिकृत वहीत नाही.

अलीकडचे उदाहरण शेन बॅटियरचे. ह्यूस्टन संघाच्या या खेळाडूवर मायकेल लुईस या लेखकाने २००९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत मोठा लेख लिहिला. बॅटियरचे आकडे पाहावेत तर साधे. गुण बेताचे, रिबाऊंड बेताचे. पण तो मैदानात असला की त्याचा संघ चांगला खेळायचा आणि समोरच्या संघातला मोठा खेळाडू अडखळायचा. हे कळले कसे? अधिक-उणे पद्धतीने. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने किती गुण केले आणि किती दिले, यांची वजाबाकी करायची. अर्थात हाही आकडा डोळे मिटून घेऊ नये. उसाच्या पाण्यावर बांधावरचे गवतही हिरवे राहते. तसा चांगल्या चौघांबरोबर उभा राहिलेला पाचवाही अधिकात दिसतो. एका सामन्यावरून तर काहीच ठरवू नये, बरेच सामने मोजावेत.

हे सगळे सांगून झाल्यावर मी पुतणीला म्हटले, “पोरी, आपण तुझे गुण मोजू. जे निघेल ते निघेल.” संघातल्या एका मुलीच्या मामांनी सगळा सामना मोबाईलवर टिपला होता. तो मागवून घेतला. सामन्याचा अधिकृत तक्ताही मिळाला, पण त्यात फक्त झालेले गुण आणि फाउल असतात. हुकलेले नेम, झेललेले आणि गमावलेले चेंडू त्यात लिहिलेले नसतात. म्हणून माझ्या दौऱ्याच्या डायरीची मागची पाने काढली, बारा मुलींची नावे लिहिली आणि पुढे रकाने पाडले. रविवारची अख्खी दुपार आम्ही तो सामना थांबवत थांबवत पाहिला. ती बोलायची, मी रेघ ओढायचो. वहिनी निवडायला घेतलेले तांदळाचे सूप मांडीवर ठेवून तिथेच बसल्या होत्या.

निघाले ते असे. आमच्या मुलीचे फ्री थ्रो पाच, गेला एक. हे वाईटच, त्या रकान्यात तिला ‘ड’ दिला. तिने तोंड पाडले, पण नाही म्हटले नाही. मात्र समोरच्या संघाच्या ज्या मुलीने उपांत्य सामन्यात १८ गुण केले होते, तिला अडवायचे काम खेळाच्या सरांनी आमच्या मुलीवर सोपवले होते. अंतिम सामन्यात त्या मुलीचे गुण झाले सहा. या रकान्यात ‘अ’. ही गोष्ट मोबाईलवर गुण वाटणाऱ्याच्या गावीही नव्हती. कर्णधार मुलीने १७ गुण केले खरे, पण नऊ वेळा चेंडू गमावला, तिला ‘ब’. सगळ्या संघाचे फ्री थ्रो मोजले तर सतरापैकी पाच गेले होते. बारा गुण तिथेच सांडले, त्यांतले आमच्या मुलीचे चार. कड्याजवळचे सोपे नेमही निम्म्याहून अधिक हुकले होते. आणि बारा मुली नेल्या असताना सरांनी सहाच मुली खेळवल्या. उत्तरार्धात त्या सहाजणी धापा टाकताना दिसत होत्या. तेव्हा शेवटच्या रकान्यात आम्ही सरांचेही नाव लिहिले आणि ‘क’ दिला. ते पान मी सरांना नेऊन दाखवले. सर भले गृहस्थ. त्यांनी वाचले, हसले आणि त्याची एक प्रत मागून घेतली.

पण मुख्य वाचणारे घरात होते. संध्याकाळी दादा गोठ्यातून आले, हातपाय धुतले आणि वहिनींनी डायरी त्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळे पान वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाकी ठीक हाय. पण ह्या ‘ड’चं काय करायचं?”

मंडळी, मला दादांचा हा प्रश्न फार आवडला. गुणपत्रक खोटे गोड असते तर हा प्रश्नच निघाला नसता, आणि नुसते शून्य असते तर त्यावर करण्यासारखे काही उरले नसते. शून्यावर काय उपाय करणार? ‘फ्री थ्रो कच्चे’ यावर उपाय करता येतो. आठवड्याभरात दादांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पंचेचाळीस सेंटीमीटर व्यासाचे कडे करून घेतले आणि ट्रॅक्टरच्या शेडच्या खांबाला फळी ठोकून दहा फुटांवर ते बसवले. फळीपासून ४.६ मीटरवर चुन्याची रेघ मारली. रोज संध्याकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी पन्नास चेंडू टाकायचे, असा नियम झाला. दहावी आणि खेळ दोन्ही चालू राहिले.

पुढच्या वर्षी संघ जिंकला का, असे तुम्ही विचाराल. नाही. उपांत्य सामन्यातच हरला. पण त्या सामन्यात पुतणीचे दहापैकी सात फ्री थ्रो गेले. त्या रात्री तिने आपली वही आपणच भरली. फ्री थ्रोला स्वतःला ‘ब’ दिला आणि अडवण्याच्या कामात ‘क’, कारण तिची मुलगी तीन वेळा तिला चुकवून गेली होती. मला तो ‘क’ पाहून फार बरे वाटले. हरल्यावर स्वतःला खरे गुण देता येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि हरणे म्हणजे नापास होणे असेल, तर ज्याने हा खेळ काढला तोच नापास ठरेल. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. तिथे त्याचा संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. त्या विद्यापीठाच्या आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणे जास्त असलेला तो एकटाच आहे!

आता थोडक्यात पद्धत सांगतो. तुमच्या घरातले मूल कोणत्याही सांघिक खेळात असेल तर वही घाला.

एक, हरलेल्या रात्री गुण देऊ नका. डोके आणि जीभ दोन्ही गरम असतात. दोन दिवस जाऊ द्या.

दोन, ज्याला जे काम दिले होते त्याचेच गुण द्या. अडवणाऱ्याला गोल किंवा गुण किती केले असे विचारू नका.

तीन, सगळा सामना मोजा. शेवटचा क्षण इतर क्षणांइतकाच धरा.

चार, प्रत्येक कामाचा रकाना वेगळा ठेवा. माणसाला एकच श्रेणी देऊ नका. ‘तू ड’ आणि ‘तुझा फ्री थ्रो ड’ यांत फार अंतर आहे.

पाच, कमी गुण द्यायला कचरू नका. ‘मी माझे केले, बाकीच्यांनी घालवले’ असे म्हणणारा खेळाडूही या वहीत सापडतो. स्वतःचे आकडे वाढावेत म्हणून मोकळ्या जोडीदाराला पास न देणारा सापडतो. त्याला ते आकड्यांनिशी दाखवा.

सहा, शिकवणाऱ्याचे आणि निवड करणाऱ्याचे नाव शेवटी लिहायला विसरू नका.

सात, वही चारचौघांत वाचू नका. ती ज्याची त्याला दाखवा आणि पुढच्या महिन्यात काय करायचे ते तिच्याखाली लिहा.

जाता जाता आपल्या शेतीचे एक सांगतो, कारण शेती हाही घरातल्या पाच-सात जणांचा सांघिक खेळच आहे. चाळीत कांदा सडला की बोल कोणाला लागतो? चाळीची राखण करणाऱ्या म्हातारीला, नाहीतर शेवटी चाळ भरणाऱ्या सुनेला. काढणीपूर्वी पाणी वेळेवर तोडले होते का, युरिया उशिरापर्यंत दिला होता का, कांदा पातीसकट नीट सुकवला होता का, हे रकाने कोणी पाडतच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्याचा हात शेवटी लागला त्याच्या माथी सगळा हंगाम मारला जातो. घरातली माणसे त्याने मुकी होतात आणि पुढच्या वर्षी तोच युरिया तेवढ्याच उशिरा पडतो.

तेव्हा यंदा काही बिघडले तर दोन दिवस थांबा. मग रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांना बसवा, वही उघडा, पेरणीपासून विक्रीपर्यंत एकेका कामाचा रकाना पाडा आणि ज्याचे त्याला खरे गुण द्या. चांगले काम केले असेल त्याला, हंगाम गेला असला तरी, ‘अ’ द्यायला विसरू नका. आणि पहिल्या ओळीवर कारभाऱ्याचे नाव लिहा. त्याचे गुण घरातल्या बाकीच्यांनी द्यायचे.